थोरल्या बाईंच्या गमतीच्या शिक्षा

चौथीच्या 'अ' वर्गाला एकवीस वर्षे शिकवणाऱ्या बाईंना सारी शाळा 'थोरल्या बाई' म्हणत असे. हे नाव वयावरून पडलेले नव्हते, नात्यावरून पडले होते. दोन वर्षांपूर्वी त्यांची सख्खी धाकटी जाऊ त्याच शाळेत रुजू झाली, शेजारच्या 'ब' वर्गावर नेमली गेली, आणि त्या दिवसापासून एक थोरली आणि दुसरी धाकटी झाली. तोवर त्या नुसत्या 'बाई' होत्या. आपल्या नावातही आता दुसरीचा वाटा आहे, ही जाणीव हजेरीपटावर सही करताना त्यांना रोज टोचे.

थोरल्या बाईंचा लौकिक होता तो त्यांच्या शिक्षांमुळे. या शब्दाने कोणी दचकू नये. छडी त्यांनी आयुष्यात हाती धरली नाही. शेवटच्या तासाला वर्गात खेळ घ्यावा आणि हरणाऱ्याने काहीतरी निरुपद्रवी, सर्वांना हसू येईल असे करून दाखवावे, हा त्यांचा परिपाठ. खेळही साधाच. मुलांनी ओळीने एकेक संख्या म्हणत जायची; सातच्या पाढ्यातली संख्या आली की ती उच्चारायची नाही, टाळी वाजवायची. जो अनवधानाने 'चौदा' म्हणेल तो हरला. मग त्याने फळ्यापुढच्या लाकडी चौथऱ्यावर यावे, वर्गाकडे तोंड करावे, आणि उकळत्या किटलीसारखी शीळ घालावी. किंवा डोक्यावर भूगोलाचे पुस्तक ठेवून सम्राटाच्या ऐटीत चालावे. किंवा स्वतःचे पूर्ण नाव आधी अत्यंत संतापाने व मग अत्यंत लाजून उच्चारावे. अशा त्रेसष्ट शिक्षा बाईंनी एका वहीत सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. सूत्रकाराने सूत्रे रचावीत अशा निष्ठेने रचलेल्या त्या शिक्षांत एकही अशी नव्हती, की जिने कोणाच्या रूपाला, गरिबीला वा मंदबुद्धीला धक्का लागावा. हे व्रत लहान नव्हे.

वर्गात एक मुलगी होती. चणीने इतकी लहान आणि बोलण्यात इतकी काटकसरी, की मुले तिला मुंगी म्हणत. मुंगी पहिल्या सहामाहीत एकदाही हरली नाही. छप्पन्न आले, सत्तर आले, भलेभले गडगडले. मुंगीची टाळी मात्र अचूक वाजे.

"माझी मुंगी अख्ख्या वर्गाला पुरून उरते," थोरल्या बाई शिक्षकांच्या खोलीत सांगत. "माझी" या शब्दावर त्यांचा किंचित भर असे.

दुसऱ्या सहामाहीत 'अ' वर्गात बाके पुरेनात, म्हणून हजेरीपटावरची शेवटची नऊ मुले 'ब' वर्गात पाठवली गेली. त्यांत मुंगी गेली.

दोन्ही वर्गांमध्ये भिंत नव्हती, लाकडी पडदी होती. तिच्यातून शब्द कळत नसत, हसणे मात्र स्वच्छ ऐकू येई. आणि मत्सराला तेवढे पुरते. धाकटीच्या वर्गातले हसणे थोरल्या बाई मनोमन तोलू लागल्या. ते आपल्यापेक्षा लांब चालते का? त्यात मागच्या बाकांवरच्या मोठ्या मुलांचेही आवाज आहेत का?

एकदा घरी, स्वयंपाकघरात, त्यांनी सहजपणाचा आव आणून विचारले, "काय गं, आज फार खिदळत होती तुझी पोरं?"

"हो ना, ताई! मुंगी हरली." धाकटी भांडी विसळता विसळता म्हणाली.

"मुंगी? शक्यच नाही."

"अहो, आठवड्यात सातव्यांदा! पोरं म्हणतात, मुंगीला हरायचं वेड लागलंय."

थोरल्या बाईंच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. एकवीस वर्षांत आपण पैलू पाडलेला एकच हिरा, आणि तो हिने दोन महिन्यांत काच करून टाकला, असे त्यांना वाटले. खरे सांगायचे तर वाटले त्याहून वेगळेच काही. मुलगी बिघडल्याचे दुःख वरवरचे होते. ती दुसरीकडे बिघडली, हे दुःख आतले होते.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला आपल्या वर्गाला शुद्धलेखन देऊन त्या पडदीच्या फटीशी उभ्या राहिल्या. अशा वयात, अशा पदावर, असे उभे राहणे शोभत नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी राहिल्या. खेळ तोच होता. मुंगीची पाळी आली. तिने अंमळही न अडखळता, स्पष्ट स्वरात म्हटले, "चौदा." आणि कोणी बोलावण्याआधीच ती फळ्याकडे धावली. शिक्षा होती डोळे मिटून हत्ती काढायची. वर्ग ओरडत होता, "सोंड वर घे! अगं वर! ती शेपटी झाली!" फळ्याकडे तोंड करून मुंगी खडू फिरवत होती आणि हसण्याने तिचे इवलेसे खांदे हलत होते.

थोरल्या बाईंनी एवढेच पाहिले, की ती धावली. माझ्याकडे ही कधी धावली नाही.

त्या तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या. "सर, ती मुलगी मुद्दाम हरते. शिस्तीचा प्रश्न आहे. तिला माझ्याकडे परत पाठवा."

"मुद्दाम हरणं ही बेशिस्त?" मुख्याध्यापक म्हणाले. "बाई, मी घरी रोज मुद्दाम हरतो. तिथं त्याला शहाणपण म्हणतात." पण थोरल्या बाईंचा चेहरा पाहून त्यांनी विनोद आवरला आणि कागद पुढे ओढला.

धाकटीने हरकत घेतली नाही. "तुमच्याकडे काय, ताई, नीटच राहील ती," एवढेच म्हणाली. भांडली असती तर बरे झाले असते.

मुंगी परतली, आणि जिंकू लागली. तीन दिवस थोरल्या बाईंची मान ताठ होती. तरीही तो हत्ती त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. चौथ्या दिवशी त्यांनी एक बेत केला. धाकटीच्या वर्गातली ती हत्तीची शिक्षा उचलायची, पण तिला बक्षिसाचे रूप द्यायचे; म्हणजे उसनवारीही दिसणार नाही आणि मुंगीचे हसूही मिळेल.

"आज जिंकणाऱ्याने पुढे यायचं," त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. "मुंगे, ये. आधी सगळ्यांकडे बघून नमस्कार कर, मग हत्ती काढ."

मुंगी उठली. चौथऱ्याशी येईतो तिचे ओठ कोरडे पडले होते. दोन्ही मुठी तिने फ्रॉकच्या घडीत लपवल्या.

"बाई," ती पुटपुटली, "मी तर जिंकलेय ना? मग मला का?"

"अगं, ही शिक्षा नाही, बक्षीस आहे!"

"पण सगळे बघतात."

थोरल्या बाई खाली वाकल्या. "आणि त्या वर्गात? तिथं तर तू आपणहून हरायचीस."

"तिथं फळ्याकडे तोंड असतं, बाई. कुणी दिसत नाही."

वर्ग हसण्याची वाट पाहत थांबला होता. थोरल्या बाईंनी त्या ओल्या, घट्ट मिटलेल्या मुठींकडे पाहिले. सहामाहीभर ज्याला त्यांनी बुद्धीचा विजय मानले, ते या चौथऱ्यापासूनचे पलायन होते. निरुपद्रवी म्हणून पारखून घेतलेल्या त्रेसष्टही शिक्षा या एका जिवाला जाचत होत्या, आणि तो जीव रोज जिंकून स्वतःला वाचवत होता.

"जागेवर जा, बाळ," त्या म्हणाल्या.

शाळा सुटल्यावर त्या मुख्याध्यापकांपुढे उभ्या राहिल्या.

"आता काय, बाई? पोरगी आहे की चेंडू?"

"चूक माझी झाली, सर. तिला 'ब' वर्गातच राहू द्या." 'चूक माझी झाली' हे वाक्य एकवीस वर्षांत त्यांनी तिथे प्रथमच उच्चारले.

सकाळी त्यांनी मुंगीचा हात धरून तिला स्वतः 'ब' वर्गाच्या दाराशी नेले. धाकटी लगबगीने पुढे आली. "अहो ताई, निरोप धाडायचात! आणि खरं सांगू, हरणाऱ्याला हसवायचं कसं, हे मी तुमचंच बघून शिकले हो."

हे ऐकून थोरल्या बाईंना बरे वाटायला हवे होते. वाटले नाही. मत्सर योग्य कृत्याच्या मागोमाग निघून जातोच असे नाही. पुष्कळदा तो तसाच बसून राहतो, आणि माणसाला त्याच्या सोबतीनेच चांगले वागावे लागते. मुंगीने त्यांच्या हातातून बोटे सोडवून घेतली, जरा घाईनेच, आणि ती मागे न पाहता आपल्या बाकाकडे धावली.

थोरल्या बाई क्षणभर उंबऱ्यावरच थांबल्या.

"ऐक," त्या धाकटीला म्हणाल्या, "सातचा पाढा तिला चोख येतो. कितीही वेळा हरली तरी फसू नकोस. मी शिकवलाय तो."