मोहिउद्दीन पेंटरचा लाल तालुका

दारव्ह्यात मोहिउद्दीन पेंटरचं अक्षर न वाचता कोणी लहानाचं मोठं झालं नसेल. बियाण्यांच्या जाहिराती, जीपमागचे शेर, निवडणुकीतल्या निशाण्या, शाळेच्या भिंतीवरचा जिल्ह्याचा नकाशा, सगळं त्याच्याच हातचं. शिकला सातवी, तेही उर्दू शाळेत. पण मराठीचा ऱ्हस्वदीर्घ असा पक्का की मास्तर लोक त्याला विचारून फलक लिहायचे. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि त्याचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये भिजत पडले. तो म्हणायचा, "मशीन लिवते मस्त, पन तिले वाचता कुठी येते?"

ते दिवस कापसाच्या पडत्या काळाचे आणि लोडशेडिंगचे. नोव्हेंबरात गावच्या कॉलेजात राष्ट्रीय परिषद भरायची होती. विषय होता 'भौगोलिक माहितीशास्त्र आणि त्याचे भवितव्य'. दोन दिवस आधी फ्लेक्सवाल्यानं हात वर केले. वीजच नाही, तर छापणार काय? भूगोलाच्या सुरभी मॅडम हातात एक रंगीत कागद घेऊन मोहिउद्दीनच्या दारात आल्या.

"मोहिउद्दीनभाऊ, हा आपला तालुका. उपग्रहातून काढलेलं चित्र आहे. असंच मोठं करून द्या."

मोहिउद्दीननं कागद पाहिला. तालुका लालभडक.

"मॅडम, कपाशीची पराटी तं हिरवी रायते. हे लाल काहून?"

"उपग्रहाला टवटवीत पीक लाल दिसतं. जितकं लाल, तितकं चांगलं."

"आन् हा फोटो कधीचा?"

"सप्टेंबरचा."

त्याची बायको सुग्राबी नकाशाच्या कापडासाठी मांजरपाटाचे दोन पट्टे जोडून शिवायला बसली. मॅडम गेल्यावर ती म्हणाली, "अजी, एवढ्या वर जाऊन हिरव्याचं लाल दिसत असन, तं जाताच कायले?"

मोहिउद्दीननं मन लावून काम केलं. कोपऱ्यात 'लाल म्हणजे उत्तम पीक' अशी सूची लिहायची ठरली होती. पण आदल्या दुपारी प्राचार्यांनी आणखी चार पाहुण्यांची नावं पाठवली. जागा तेवढीच. सूची गेली, पाहुणे आले.

परिषदेला दीडशे माणसं जमली. दहा वाजता वीज गेली, संगणक डोळे मिटून बसले, आणि भवितव्याची सगळी चर्चा मोहिउद्दीनच्या कापडासमोर झाली. कापडाची दोरी सैल होती म्हणून तो स्वतः मंचाच्या कडेला एक टोक धरून उभा होता. शेवटच्या सत्रात 'शेतकऱ्यांचा सहभाग' म्हणून शेजारच्या खेड्यातले किसनराव आणि त्यांची बायको तानाबाई पहिल्या रांगेत बसले होते. मॅडमनी विचारलं, "काका, हा नकाशा तुमच्या शेताशी जुळतो का?"

किसनराव उठले, चष्मा पुसला, आपलं गाव शोधलं.

"एकदम बरोबर हाये, म्याडम. माही पराटी अश्शीच लाल हाये. सारं शिवारच लाल झालं."

"पाहा!" मॅडम सभेकडे वळल्या. "प्रत्यक्ष शेतकऱ्यानंच पुष्टी दिली!" टाळ्या कडाडल्या. किसनरावांनीही वाजवल्या, सरकारदरबारी कोणाला तरी कपाशीची पानं लाल करून वाळवणारा लाल्या रोग दिसला, म्हणून.

सगळ्या सभेत दोन्ही लालांचा अर्थ एकट्या मोहिउद्दीनला कळत होता. त्यानं मोकळा हात वर केला. सूत्रसंचालक म्हणाले, "प्रश्नोत्तरं चहानंतर." चहानंतर कोणी परत आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात नकाशाच्या फोटोखाली मथळा होता: 'तालुका लाल्याच्या विळख्यात, राष्ट्रीय परिषदेत शास्त्रज्ञांचा इशारा'. मॅडम तडक मोहिउद्दीनकडे. "सूची का नाही लिहिली?" त्यानं प्राचार्यांची चिठ्ठी दाखवली. मॅडम ओट्यावरच बसल्या. सुग्राबीनं चहा दिला.

पण बातमीनं करायचं ते केलं. आठवडाभरात पाहणी पथक आलं. खरोखरच पानं लाल, बोंडं किडकी, झाडं वाळत चाललेली. सप्टेंबरातलं टवटवीत पीक नोव्हेंबरात लाल्यानं खाल्लं होतं. तालुका नुकसानभरपाईच्या यादीत गेला. सत्कार कॉलेजचा झाला, आणि अहवालात मॅडमनी लिहिलं: 'परिषदेची तत्काळ समाजोपयोगी फलश्रुती'. त्याआधी ते वाक्य दोनदा खोडलं होतं, असं त्यांनीच पुढे सुग्राबीला सांगितलं.

मोहिउद्दीनला मात्र चैन पडेना. डिसेंबरात तो सायकल काढून किसनरावांच्या शेतात गेला आणि सारं खरं सांगून टाकलं. "भाऊ, त्या नकाशात लाल म्हंजे चांगलं होतं."

किसनरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पेंटर, तू साधा मानूस. तुले फसवलं त्याइनं. लाल कधी चांगलं असते का?"

त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, सप्टेंबर, उपग्रह, सगळं. किसनराव मान हलवत राहिले. शेवटी तानाबाईच म्हणाली, "जाऊ द्या ना जी. वावराच्या धुऱ्याजवळची तूर चांगली आली, ते पाहा," आणि तिनं शेंगांची पिशवी सायकलीला अडकवली.

घरी सुग्राबीनं त्या मीठ घालून उकडल्या. दोघांनी ओट्यावर बसून खाल्ल्या. शेंगा हिरव्यागार होत्या.