बेटाच्या मालकाला विचारून

सकाळी दूध तापवत होतो तेव्हा कोरीटहून गुलाबभाईच्या मुलाचा फोन आला. "मास्तर, बापू गयात," एवढंच तो बोलला. दूध उतू गेलं, मी बघत राहिलो. आता महिना होऊन गेला. माणसं सांत्वनाला येतात, चांगला माणूस होता म्हणतात, मी मान हलवतो. मान हलवूनसुद्धा थकायला होतं, हे या वयात कळलं.

गुलाबभाईच्या केळीच्या मळ्यात आमची चाळीस वर्षं गेली. तो शेतकरी, मी शाळामास्तर. साठीपर्यंत त्याने पाहिलेलं जग म्हणजे तापीचा काठ आणि नंदुरबारचा बाजार. मग एकदा नातवाने त्याला मोबाइलवर नर्मदेच्या धरणाच्या फुगवट्यातली बेटं दाखवली आणि गड्याने थेट पाठीवरची सॅकच विकत आणली. घोडं म्हातारं आणि लगाम नवा, असं मी चिडवलं, तर म्हणाला, "तू बी एक ली ले." मी घेतली. गेल्या वर्षी हिवाळ्यात आम्ही दोघं एसटीने धडगावला, तिथून जीपने आणि शेवटी डोंगर उतरत पायी नदीकाठी पोचलो. दोन दिवस बोटीत फिरायचं, रात्री एखाद्या बेटावर झोपायचं, असं बोटवाल्या खेमाभाऊशी ठरलं होतं.

बेटं म्हणजे बुडालेल्या डोंगरांचे माथे. निळ्या पाण्यात हिरवे उंचवटे, आणि कुठे कुठे वाळलेल्या सागाचे शेंडे पाण्याबाहेर. देखणं होतं सगळं, खोटं कशाला बोलू. पण गुलाबभाई नजारा बघेना. प्रत्येक बेट आलं की खेमाभाऊला विचारायचा, "हाई कोनं वावर शे?" खेमाभाऊ इंजिनाच्या आवाजावर नाव ओरडून सांगायचा.

ऊन उतरल्यावर बोट एका बेटाला लागली. माझी पाठ मोडली होती. मी उतरणार तोच गुलाबभाईने हात धरला. "मालकले इचार्याबिगर दुसराना वावरमा पाय कसा ठेवूत?" मालक दोन वळणं मागे, डोंगरावर झोपडी करून राहतो, असं खेमाभाऊने सांगितलं. म्हणजे तासभर उलटं जायचं. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "बुडेल वावरले कसाना मालक रे?"

खेमाभाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्याचंही शेत त्याच पाण्याखाली होतं... ते मला सकाळीच सांगून झालं होतं. मग त्याने बोट वळवली.

मालक म्हणजे एक काटकुळा म्हातारा बाबा. अंगणात मका सोलत बसला होता. खेमाभाऊ त्याच्याशी त्यांच्या पावरी बोलीत बराच वेळ बोलला. मला एक शब्द कळला नाही, पण बाबाने मध्येच माझ्याकडे पाहिलं तेव्हा कान तापले. गुलाबभाईने हात जोडून परवानगी मागितली. बाबा म्हणाला, "इतकी वरसं झाली, कोण विचारत नाय." आणि उठून आमच्याबरोबर बोटीत येऊन बसला. विचारणाऱ्याला जागा दाखवावी लागते म्हणे. बेटावर त्याने त्याच्या जुन्या खळ्याची सपाट जागा शोधली, झाडाची फांदी तोडली आणि जमीन झाडायला घेतली. पहिली जागा माझी झाडली. मी फांदीला हातसुद्धा लावला नाही. लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी घुम्यासारखा बसतो.

परतीच्या वाटेवर गुलाबभाई त्याबद्दल काही बोलला नाही. नंतरही नाही. तुझंच बरोबर होतं, हे तीन शब्द माझ्याही तोंडून निघाले नाहीत. केळीचा भाव, नातवाची परीक्षा, सगळ्यावर बोललो. मग या हिवाळ्यात, जाण्याच्या पंधरा दिवस आधी, त्याने विचारलं, "परत जाऊत का? त्या बाबाले भेटी येऊत." मी म्हणालो, "मन्हा गुडघा दुखतस. हिवाळा सरू दे." हिवाळा सरायच्या आत तो सरला. झोपेतच गेला.

परवा कोरीटला गेलो होतो. मळ्यातल्या खोलीत खुंटीला त्याची सॅक होती, भरलेली. मुलगा म्हणाला, बापूंनी कुणाला हात लावू दिला नाही, तुम्हीच उघडा. वर घोंगडी, खाली बाबासाठी घेतलेलं कोरं धोतर. तळाशी औषधाच्या दुकानाची पिशवी, तिच्यात गुडघ्यांना घालायचे दोन पट्टे. मला वाटलं त्याचे असतील. मुलगा म्हणाला, "तुमनासाठे लयनथात. मास्तरना गुडघा बरा झायात का लगेच निंघूत, म्हणेत."

मी बाजेवर बसलो आणि पट्टे चढवून पाहिले. नेमके बसले. माझे गुडघे कधीच दुखत नव्हते, गुलाबभाई. त्या बाबाला तोंड दाखवायची हिंमत नव्हती, एवढंच.