एलर्टच्या खिशातली बाटली

एलर्ट पितो, ही बातमी आमच्या बंदरात प्रार्थनागृहाच्या पायरीवर जन्मली आणि कॉफीला उकळी फुटायच्या आत घरोघर पोचली. डबाबंद मासळीच्या कारखान्यात, वाफेच्या हंड्यापाशी उभा राहून तो खिशातून चपटी बाटली काढतो, हे डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार होते म्हणे. बाटली खरी होती. आत मात्र साधं तेल होतं. माशाच्या गोळ्यांचे डबे ज्या बंद हंड्यात शिजत, त्याच्या पोटात धातूची एक नळी गेलेली होती आणि नळीत काचेचा तापमापक. दोहोंच्या मध्ये नुसती हवा राहिली, तर आतली उष्णता पाऱ्याला फार उशिरा कळे. म्हणून एलर्ट नळीत तेलाची बारीक धार सोडायचा. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. आम्हा सगळ्यांना दारूच जास्त आवडली होती!

पंचाईत झाली ती दाग्नीमुळे. डबे भरणाऱ्या बायकांची ही म्होरकी, विधवा, प्रार्थनागृहात पहिल्या बाकावर बसणारी. विधुर एलर्टने मोठा धीर करून तिला रविवारी कॉफीला बोलावलं होतं, आणि त्या कॉफीचा अर्थ अख्ख्या बंदराला ठाऊक होता. दाग्नीच्या मनातही नकार नव्हता. पण बाटली आडवी येत होती.

मग एका सकाळी तिने खुंटीवरच्या त्याच्या कोटातून ती काळपट बाटली काढली. दारूचा नुसता वास घेणंही पाप, म्हणून मान फिरवून, श्वास रोखून ती फियोर्डच्या खाडीत रिकामी केली. पण बिचारा तहानलेला राहील, म्हणून तीत घरचं रासबेरीचं सरबत भरून ठेवलं.

एलर्टने सवयीने नळीत धार सोडली, हंडा बंद केला, वाफ चालू केली. दाबाचा काटा झरझर चढला. पारा मात्र पाणी उकळतं तिथे येऊन हटून बसला; डबे नीट शिजायला तो त्याच्याही वर जायला हवा होता. नळीतून फसफस झाली, मग जळक्या साखरेचा वास.

"अरे, काटा कधीचा वर गेलाय! वेळ मोजायला लाग की," मुकादम स्वेर्रे ओरडला. "का सकाळीच लावून आलायस?"

"काटा दाब सांगतो, बाबा. आत हवा कोंडली तरी तो चढतो. पारा वर आल्याशिवाय मी वेळ धरणार नाही."

त्याने तापमापक उपसला. लाल, चिकट. बोटावर घेऊन चाखलं. इतकं आंबट सरबत बंदरात एकाच घरी होत असे. दाराशी दाग्नी उभी होती, चेहरा त्याच सरबताच्या रंगाचा.

"काय आहे रे ते?" स्वेर्रे म्हणाला.

"माझाच घोटाळा. बाटली नीट पाहिली नाही."

त्याने नळी पुसली, यंत्रवाल्याकडून तेल मागून आणलं, आणि पारा चढल्यावरच वेळ धरली. डबे उशिरा निघाले, पण नीट शिजून.

रविवारी दाग्नी एलर्टकडे कॉफीला गेली. काखेत तेलाची भरलेली बाटली.

"अहो, तेल आहे हे आधी सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

एलर्टने तिच्या कपात कॉफी ओतली.

"सांगितलं असतं दाग्नीबाई, तर माझ्या खिशात हात घातला असता का तुम्ही?"