नैवेद्याच्या वाटीतलं रोमचं चीज

सासूबाईंचा अडुसष्ट वर्षांचा शाकाहार मी रोममध्ये दीड दिवसात मोडला, आणि तोही आग्रह करकरून.

२००६ सालची गोष्ट. सासरे गेल्यापासून आई (म्हणजे सासूबाई, मीही त्यांना आईच म्हणतो) पुण्यात एकट्या राहत होत्या. "सहा महिने तरी आमच्याकडे अमेरिकेत, प्लेनोला ये," म्हणून मृणाल, माझी बायको, तीन वर्षं फोनवर विनवत होती. आईंचं एकच पालुपद: "तिकडे पोटात काय जाईल, नेम नाही." शेवटी मी फोन हातात घेतला.

"आई, शाकाहाराची गॅरंटी माझी."

"बरं, सुहासराव. पण काही अभक्ष्य पोटात गेलेलं कळलं, तर मिळेल त्या विमानाने मी परत."

त्या दिवशी मृणालने मला न मागता दोनदा चहा दिला.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला! आईंना आणायला आम्ही पुण्याला गेलो, तेव्हा येताना मी रोमचा चार दिवसांचा मुक्काम घुसवला. (जगप्रवासी जावई दिसायची हौस, दुसरं काय.) तयारी मात्र जय्यत. ऑफिसातल्या एका इटालियन माणसाकडून चिठ्ठी लिहून घेतली होती: मांस नको, मासे नकोत, अंडं नको, कोंबडी उकडलेलं पाणीसुद्धा नको. ती लॅमिनेटही केली होती. पहिल्याच हॉटेलात वेटरने ती वाचली, आत नेऊन आचाऱ्याला दाखवली, आणि मग दोघंही बाहेर येऊन आईंना पाहून गेले. बहुधा त्यांना वाटलं, बाई आजारी आहेत.

पास्ता आला. त्यावर वेटरने एका मोठ्या तुकड्यातून चीज किसून घातलं. आईंनी पहिला घास घेतला आणि त्या थबकल्या.

"हे वरून भुरभुरवलंय ते काय हो?"

"चीज, आई. म्हणजे दूधच. एकदम प्युअर व्हेज."

"छान लागतंय."

झालं! मी वेटरच्या हातातून किसणीच काढून घेतली. "आई, अजून थोडं. आई, एवढं तरी. माझ्याखातर." जावयाच्या हातचं नाही कसं म्हणणार? ताटातला पास्ता दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी न्याहारीलाही मी ब्रेडवर तेच चीज वाढलं. आईंनी मृणालला माझ्यादेखत सांगितलं, "मुलगा गुणी आहे गं." लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर ही दाद मिळाली होती, त्यामुळे मी हवेतच होतो.

त्याच दुपारी आम्ही चीजच्या एका दुकानापुढे उभे होतो. मृणाल आणि आई पलीकडे कारंजं बघत होत्या. आमची नऊ वर्षांची ईशा दारावरची इंग्रजी पाटी वाचत होती.

"बाबा, दे यूझ काफ स्टमक टु मेक धिस. आजी विल फ्रीक आउट."

मी पाटी दोनदा वाचली. खरंच होतं. दूध घट्ट करायला वासराच्या पोटातला रस घालतात. मांस, मासे, अंडं, सगळ्याचा बंदोबस्त केला आणि दुधाने घात केला! तोंड बंद ठेवण्यासाठी ईशाने दोन स्कूप आइस्क्रीम मागितलं. तीन दिले.

संध्याकाळी जेवताना मी म्हणालो, "आई, आज चीज नको. जड पडतं."

"मला नाही पडत."

"पण मला पडलंय. पोट बिघडलंय."

आईंनी पर्समधून ओवा काढून माझ्या तळहातावर ठेवला, माझी प्लेट आपल्याकडे ओढली आणि माझ्याही वाटणीचं चीज संपवलं. मी ओवा चघळत बघत बसलो. वेटर परत किसणी घेऊन आला, मी दोन्ही हातांनी नको नको केलं, आणि आईंनी शांतपणे प्लेट वर उचलून धरली.

खोलीवर मृणाल म्हणाली, "आईला काल एवढं वाढलंस आणि आज हात का आखडतोयस? ती काय म्हणेल?" खरं सांगितलं असतं, तर तिचा चेहरा आधी पडला असता आणि आई नंतर परतल्या असत्या. मी पोटाचंच कारण पुढे रेटलं. शेवटच्या दिवशी आईंनी त्याच दुकानातून एक किलोचा तुकडा घेतला. तो प्लेनोपर्यंत मीच वाहून आणला.

पोचल्याच्या तिसऱ्या दिवशी संकष्टी आली. आईंनी मोदक केले, देवापुढे पान मांडलं आणि त्यात एक वाटी ठेवली. वाटीत किसलेलं चीज.

"बाप्पालाही कळू दे की, इकडे काय काय मिळतं ते."

एवढं मात्र माझ्याने बघवेना. मी झेप घालून वाटी उचलली आणि सगळं भडाभडा सांगून टाकलं. मृणालचे डोळे भरले आणि मला माझीच शरम वाटली. आता विमान, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

आईंनी चौकशी सुरू केली. "मला माहीत होतं?"

"नाही."

"मृणालला?"

"नाही."

"तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी."

"म्हणजे आमचं अजाणता झालं. माहीत असून खाऊ घातलंत ते तुम्ही. तेव्हा प्रायश्चित्त तुम्ही घ्यायचं. चीज बंद. पिझ्झासुद्धा. आणि दर संकष्टीला कडक उपास."

"आणि तू, आई?" मृणालने घाबरत विचारलं. "परत जाणार?"

"जाऊन कसं चालेल? हे पाळतायत की नाही, ते बघायला कोणीतरी नको का?"

सहा महिने संपत आले, तरी माझ्या चारित्र्याबद्दल आईंची खात्री पटली नव्हती. मग त्यांचा व्हिसा वाढवायचा फॉर्म आणला. तो मीच भरला, पाणी पिऊन, कारण त्या दिवशी चतुर्थी होती. मुक्काम वाढवण्याचं कारण विचारलं होतं तिथे मी लिहिलं, 'जावयाची प्रकृती'.