दादाच्या जॅकेटासमोर बसलेला कुत्रा

मंडळी, आज दुपारी घडलेलं लिहिते.

गोव्यात पेडण्याजवळच्या म्युझिक फेस्टिव्हलला गेले होते. माझा दादा दरवर्षी जायचा. यंदा तो नाही, म्हणून त्याचं जॅकेट घालून मी गेले.

गेटवर पोलिसांचा ड्रग्ज हुंगणारा कुत्रा माझ्यासमोर येऊन शांतपणे बसला. वास लागला की तो असाच बसतो म्हणे. लेडी पोलिसांनी मला बाजूला घेतलं. जॅकेटाच्या आतल्या खिशातून एक इवलीशी प्लास्टिकची पिशवी निघाली. रिकामी, फक्त तळाला पांढरी पूड चिकटलेली.

“जॅकेट कोणाचा गो?”

“दादाचा. गणपतीनंतर गेलो तो.”

“कशान?”

“झोपेत. डॉक्टरान हार्ट अटॅक सांगलो.”

बाई पिशवीकडे बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, “वय?”

“सव्वीस,” मी म्हटलं. या वयात हार्ट अटॅक कसा, हे आम्ही घरात कोणी विचारलंच नव्हतं.

पिशवी स्वतःकडे ठेवून, नाव-पत्ता लिहून घेऊन त्यांनी मला सोडलं.

कोरगावला घरी आले तर आईने जॅकेट माझ्या अंगावरून काढून घेतलं आणि नाकाशी धरलं. “धुव नको हां. अजून त्याचो वास येता.”

तुम्ही माझ्या जागी असता, तर आईला सांगितलं असतं?