वाजवून राहिलो

कलावंताने मनात काही ठेवू नये म्हणतात. मी ठेवतो. नागपूरच्या एका गृहस्थांना मी कित्येक वर्षं लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

तेव्हा आमचं पांढुर्णा आणि नागपूर एकाच राज्यात होतं. स्वातंत्र्यानंतर फौजेच्या बँडातून सुटलेले एक उस्ताद सौसरला स्थायिक झाले होते. त्यांच्याकडे मी सॅक्सोफोन शिकलो आणि वरातीत वाजवू लागलो. वडील शाळामास्तर. मुलगा वरातीत वाजवतो या लाजेने ते बाजारातून जायचं टाळून मागच्या गल्लीने घरी येत. नागपूरच्या एका महाविद्यालयात वाद्यशिक्षकाची जागा निघाली, तेव्हा मला त्यांना त्या गल्लीतून बाहेर काढायचं होतं.

मुलाखतीत मधल्या खुर्चीवर हे गृहस्थ होते, पुण्याकडचे. सध्या काय करता, असं त्यांनी विचारलं.

"जी, लग्नात वाजवून राहिलो."

त्यांनी चष्मा काढला. "वाजवून राहिलात, की वाजवायचं राहिलं?"

आमच्याकडे 'वाजवून राहिलो' म्हणजे वाजवतो आहे, हे बाकीच्या परीक्षकांना चांगलं ठाऊक होतं. घरी तेही तसंच बोलत असतील. तरी तेच जास्त हसले. सॅक्सोफोनची पेटी उघडा, असं कोणी म्हणालंच नाही. घरी आल्यावर वडिलांनी काय वाजवलं ते विचारलं. पेटी उघडलीच नाही, म्हणालो. ते पुढेही गल्लीनेच येत-जात राहिले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, या माणसाला सोडायचं नाही.

पुढे राज्यांची वाटणी झाली. नागपूर मुंबईकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात उरलो. उत्तरेकडच्या एका विद्यापीठात जागा निघाली. तिथे माझ्या मराठीवर हसायला कोणाला मराठी येत नव्हतं, त्यांनी सरळ वाजवायला सांगितलं. मी प्राध्यापक झालो, गावोगाव कार्यक्रम करू लागलो.

मग एका गणपतीत पांढुर्ण्याच्या मंडळाने माझं वादन ठेवलं, आणि प्रमुख पाहुणे म्हणून तेच गृहस्थ आले. मला त्यांनी ओळखलं नाही. माझा मामेभाऊ मंडळाचा चिटणीस. आधी तू थोडं वाजव, मग त्यांचं भाषण, मग त्यांना नागपूरच्या गाडीत बसवायचं, असं त्याने बजावलं. मी मान डोलावली. वडील पहिल्या रांगेत होते.

मी डोळे मिटून सुरुवात केली. मामेभाऊ खोकला. मी डोळे उघडले नाहीत. त्याने सदरा ओढला, तर मी वरच्या सुरात गेलो. राग संपवून वरातीच्या चाली काढल्या, मंडप डोलू लागला. शेवटी गाडीने आधीचं तिगाव स्टेशन सोडल्याचा निरोप आमच्या स्टेशनवरून आला. पाहुणे भाषणाचा कागद हातात घेऊन उठले.

"आणि माझं भाषण?"

मी मायक्रोफोनजवळ सरकलो.

"तुमचं राहिलं जी. मी वाजवून राहिलो."

मंडप हसला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे निरखून पाहिलं, आणि त्यांना आठवलं. तो चेहरा मला पुरेपूर गोड लागला. दया वगैरे काही आली नाही, आजही येत नाही. कागद खिशात कोंबत ते स्टेशनकडे धावले.

कार्यक्रम संपल्यावर वडिलांनी माझी पेटी स्वतः उचलली आणि भर बाजारातून घरी नेली.