मशीनपुढं माणूस

शिरोलीच्या त्या फौंड्रीत चालू मशीन सोडून कुणी हलायचं नाही, असा दंडकच होता. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नसरीन मुजावरनं मात्र तीस कॉम्प्युटरांवर एकदम नवं विंडोज चढायला लावलं आणि सरळ डबा उघडला. मॅनेजर धैर्यशीलसाहेब भडकले, "मशीनपुढं माणूस कुठं हाय?"

घास न थांबवता ती म्हणाली, "माणूस कशाला पायजे? चढताना ते काय काय विचारतंय, त्याची सगळी उत्तरं मी आठवडाभर बसून स्क्रिप्टमधी आधीच लिहून ठेवल्यात. तुमाला उभं ऱ्हायचंच असंल तर ऱ्हावा की."

साहेब इरेला पेटून खरंच उभे राहिले. तिचं जेवण झालं, डबा धुऊन झाला, तीसही कॉम्प्युटर तयार झाले. साहेबांना एकानंही काही विचारलं नाही.